शिक्क्याचा गरुड

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ मलवर लॉख ना कील नावाची खाडी आहे. तिच्या काठाने एकेरी रस्ता जातो आणि त्याच्या कडेला, गवतात, तिवईवर टेलिस्कोप लावून तो उभा असतो. वय साठीपुढचं. जाकीट इतकं जुनं की हिरवेपणा मूळचा की शेवाळ्याचा, सांगता येत नाही. गाडी मात्र 'पासिंग प्लेस'च्या पाटीखाली कधीच नसते. समोरून येणाऱ्याला वाट द्यायच्या त्या जागेत कुणी गाडी लावून पक्षी पाहू लागला, तर हा, पक्षी सोडून, त्या माणसाकडे पाहतो. तेवढं पुरतं.

पूर्वी तलाठ्याच्या सहीशिवाय सातबारा नसे, तसा याच्या होकाराशिवाय इथे कुणाचा गरुड गरुड नाही. आपण धापा टाकत सांगावं, "गरुड दिसला! केवढा मोठा!"

"कुठे बसला होता?"

"विजेच्या खांबावर."

"हं."

संपला आपला गरुड. तो बझर्ड. खांबाखांबावर बसून पाहुण्यांना फसवणाऱ्या या पक्ष्याला स्कॉटलंडमध्ये गमतीने 'टूरिस्ट ईगल'च म्हणतात. हे तो फार प्रेमाने सांगतो, म्हणून जास्त लागतं.

खऱ्या, पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाबद्दल विचारलंत, तर सुटका नाही. पंख पसरले की जवळजवळ आठ फूट. मेंढपाळ, शिकारी आणि अंडी जमवणारे हौशी यांनी मिळून तो ब्रिटनमधून संपवला. शेवटचा 1918च्या सुमारास शेटलंडला मारला गेला. 1975 पासून नॉर्वेची पिल्लं आणून रम बेटावर सोडू लागले आणि 1985 साली पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं ते इथे, मलवर. हे साल तो अशा सुरात उच्चारतो की त्या पिल्लाच्या बारशाच्या घुगऱ्या यानेच खाल्ल्या असाव्यात.

मग तो गरुड दाखवतो. गरुड पलीकडच्या झाडावर बसलेला असतो. अर्धा तास. तासभर.

"काही करत नाही का तो?"

"बसलाय की." आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "मान वळवली." वेळ वहीत जाते.

पाणमांजराच्या बाबतीत तो याहून कडक. इथली पाणमांजरं समुद्रात मासे धरतात, दिवसाढवळ्याही दिसतात. पण वारा आपल्याकडून पाणमांजरीकडे वाहत असला की ती गेलीच. तिने बुडी मारली की आपण पुढे सरकायचं, ती वर आली की जागच्या जागी थिजायचं. लहानसहान मासा ती पाण्यातच संपवते, मोठा खेकडा मात्र काठावर आणते. माझ्या रेनकोटची सळसळ तिला ऐकू जाईल म्हणून त्याने तो मला भर पावसात काढायला लावला. मग एका दगडावरून काळपट, काट्याखवल्यांचा गोळा बोटावर घेऊन माझ्या नाकाशी धरला. पाणमांजराची विष्ठा.

"जॅस्मिन टी!" तो म्हणाला.

मी हुंगली आणि सभ्य माणसासारखं "वा" म्हणालो. गाडीत त्याची बायको शब्दकोडं सोडवत होती. वर न बघता तिने बजावलं, "हात धुतल्याशिवाय सँडविचला हात लावू नकोस."

पुढे विषय आयोनाचा निघाला. शेजारच्या त्या छोट्या बेटावर उन्हाळ्यापुरता आफ्रिकेतून कॉर्नक्रेक येतो. उंच गवतात दडून रात्रभर 'क्रेक्स क्रेक्स' करतो. शास्त्रज्ञांनीही त्याचं नाव तेच ठेवलं आहे. दर्शन मात्र भल्याभल्यांना देत नाही.

"तुम्ही पाहिलाय?" मी विचारलं.

"ऐकलाय. खिडकीखाली. पहाटेपर्यंत."

"मग वहीत?"

"आहे."

"न पाहता?"

तो टेलिस्कोपचा स्क्रू आवळू लागला. मुळात तो सैल नव्हता.

"मी पाहिलाय," गाडीतून आवाज आला. "सकाळी, बागेच्या भिंतीपाशी. हा झोपला होता."

"कोंबडी होती ती," तो म्हणाला.