भुताचा चिनी बंदोबस्त

घरात भूत शिरू नये म्हणून चिनी माणसाने पिढ्यान् पिढ्या डोकं चालवलेलं आहे. त्या अनुभवाचा लाभ इच्छुकांना व्हावा, यासाठी ही थोडकी माहिती.

आधी भुताचा स्वभाव समजून घ्यावा. चिनी भूत दुष्ट असतं, हुशार नसतं. ते नाकासमोर चालतं, वळणं त्याला जमत नाही. म्हणून वाड्याच्या दरवाजासमोर एक आडवी भिंत घालावी. हिला यिंगबी म्हणतात. पाहुणे बाजूने वळसा घालून आत येतात, भूत भिंतीवर आपटतं. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं अंगण दिसत नाही. (भिंत बांधणाऱ्या बऱ्याच जणांचा खरा हेतू हाच असावा, असा आमचा संशय आहे.)

उंबरठा चांगला उंच ठेवावा. जियांगशी नावाचं उठलेलं प्रेत अंगाने ताठ असतं. गुडघे वाकत नाहीत, म्हणून हात पुढे करून टुणटुण उड्या मारत येतं आणि उंबरठ्याला अडतं. एवढ्या उड्या मारणाऱ्याला एक उंबरठा का जड जावा, असले प्रश्न विचारू नयेत. उंबरठे काढून टाकण्याचा प्रयोग शेवटचा सम्राट पुयी याने केलेला आहे. त्याला सायकलचा नाद लागला आणि त्याने बीजिंगच्या राजवाड्यातले उंबरठे कापून घेतले. पुढे १९२४ मध्ये त्याला राजवाड्यातून बाहेर काढण्यात आलं. काढणारी माणसं जिवंत होती, हे मान्य. पण नोंद असलेली बरी.

दाराच्या दोन फळ्यांवर दोन सेनापतींची चित्रं चिकटवावीत: गोरा छिन छ्युंग आणि काळा युची गुंग. हे दोघेही सातव्या शतकातल्या थांग सम्राट ताइझोंगचे खरेखुरे सरदार. सम्राटाला एका नागराजाचं भूत रात्री झोपू देईना, तेव्हा हे दोघे चिलखत घालून दाराशी उभे राहिले, अशी कथा आहे. सम्राटाला झोप लागली, पण सरदारांची उडाली. मग चित्रांवर भागवलं. चित्रं लावताना दोघांची तोंडं एकमेकांकडे हवीत. पाठ फिरवून बसलेले पहारेकरी काय कामाचे? आणि मागचं दार विसरू नये. ताइझोंगचं भूत नंतर तिकडूनच आलं. तिथे वेइ झेंग या मंत्र्याला उभं करावं लागलं. हा मंत्री सम्राटाला तोंडावर खडे बोल सुनावण्याबद्दल प्रसिद्ध होता, त्यामुळे भुताने पुन्हा तोंड दाखवलं नाही यात नवल नाही.

पाचव्या चांद्र महिन्याच्या पंचमीला दारात वेखंडाची पानं टांगावीत. हो, बाळाला उगाळून देतात तेच वेखंड. पान तलवारीसारखं दिसतं, आणि भुताला एवढं पुरतं.

आता मुख्य वस्तू, आरसा. लाकडी, अष्टकोनी, भोवती प्रत्येकी तीन-तीन रेघांची आठ चिन्हं, त्यांतलं तीन अखंड रेघांचं चिन्ह वर येईल असा धरावा. तो दाराबाहेर, चौकटीच्या वर लावावा; घरात कधीही नाही. येणारी पीडा त्याच्यावर आदळून परत फिरते. परत म्हणजे कुठे, हे मात्र खिळा ठोकण्याआधी पाहावं. बहुधा समोरच्यांच्या घरात. मग समोरचे त्यांच्या दारावर आरसा लावतात, तुम्ही मोठा आणता, आणि दोन्ही घरांमधली ती पीडा दिवसभर ये-जा करत राहते. भूत या भानगडीत कधीच मागे पडलेलं असतं.

हा प्रकार कुठवर जातो ते हाँगकाँगमध्ये पाहावं. आय. एम. पे यांनी आखलेला बँक ऑफ चायनाचा मनोरा १९९० मध्ये उघडला. त्याच्या काचेच्या धारदार कडा आजूबाजूच्या इमारतींवर सुऱ्यासारख्या रोखलेल्या आहेत, अशी बोंब झाली. जवळच्याच एचएसबीसी बँकेच्या गच्चीवर देखभालीच्या दोन क्रेन आहेत. त्या तोफांसारख्या दिसतात आणि त्यांची तोंडं बरोब्बर त्या मनोऱ्याकडे आहेत. त्या सुऱ्यांवरचा हा उताराच, असं गावभर सांगतात.

ज्यांच्या गच्चीवर क्रेन मावत नाही, त्यांनी अंतर्गोल आरसा घ्यावा. तो आलेलं गिळून टाकतो, परतवत नाही, असं म्हणतात. फक्त लावण्यापूर्वी समोरच्यांना बोलावून, स्टुलावर चढवून तो खरंच आत वळलेला आहे हे हाताने चाचपून दाखवावं. रस्त्यापलीकडून दोन्ही आरसे सारखेच दिसतात.