हिरकणीच्या गावात अमेरिकेचं दूध

अमेरिकेला भारतात दूध विकायचंय. २०२५च्या व्यापार-वाटाघाटींत जिथं जिथं गाडं अडलं, तिथं दूध होतंच. आपली अट एवढीच, की गाईला मांस-रक्ताचं खाद्य घातलेलं नाही असं प्रमाणपत्र आणा. वॉशिंग्टनला हा आडमुठेपणा वाटतो. ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी (निम्मं रशियन तेलाच्या नावावर टाकून) ५० टक्के आयातशुल्क लादलं आणि दिल्लीत पशुपालकांच्या प्रेमाला भरतं आलं.

रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत, दुधाचं राजकारण जुनं आहे. आख्यायिका सांगते, दूध विकायला गेलेली हिरकणी दरवाजे मिटल्यावर कडा उतरून लेकराकडे गेली. महाराजांनी कौतुक केलं, तिथं बुरूज बांधला. पण दरवाजा काही अवेळी उघडला गेला नाही. १६७४ साली राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन याच गडावर आला, नजराणा आणि व्यापारी कलमांची यादी घेऊन. सिंहासनापुढे वाकला, तेव्हा कुठे तहाचं जमलं. सवलत मागणाऱ्याने आधी वाकायचं असा रिवाज होता. हल्ली तो धमकी देतो आणि आपण 'मित्र' म्हणतो.

रोपवेजवळच्या टपरीवर चहा सांगितला. मावशींनी दातांनी पिशवीचं टोक फाडलं, दूध पातेल्यात ओतलं.

"गावात गुरं नाहीत?"

"हायेत की. पण वैरणकाडी कोन करनार? पोरं समदी मुंबईला."

ट्रम्पसाहेबांना एवढं कुणी कळवू नये.