एक वॅट, एकशे पाच घोडे

मे महिन्यात नागपूरच्या बेसात आवाज सेकंदाला ३५८ मीटर पळतो. हवा २० अंशांवर असली तर तोच ३४३ मीटरवर रेंगाळतो. तापलेल्या हवेत ध्वनीला पाय फुटतात, हे पदार्थविज्ञान आहे, माझ्या पदरचं नाही. पण तीच हवा तापली की विरळ होते, इंजिनाच्या पोटात प्राणवायू कमी जातो आणि गाडीचा दम उतरतो. म्हणजे ४५ अंशांच्या नागपुरात माझं गाणं सेकंदाला पंधरा मीटर जास्त धावतं आणि नेमकी तेव्हाच माझी गाडी सुस्तावते. हा शोध मी रात्री जेवताना मोठ्या उत्साहाने जाहीर केला. हिने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या वाटीत थोडा आमरस वाढला आणि विचारलं, "कूलरमध्ये पाणी टाकलं का?"

मला दोन नाद आहेत. एक वेगवान गाडीचा, दुसरा घरात नीट गाणं ऐकण्याचा. मराठीत आवाजालाही नाद म्हणतात आणि खुळालाही. भाषेला माझ्यासारख्यांचा संशय फार आधीच आलेला दिसतो.

गाडी म्हणाल तर पोलो जीटी टीएसआय. हे मॉडेल २०१३ साली आलं, चाकणच्या कारखान्यात बनायचं, आणि २०२२ मध्ये भारतातली पोलोच बंद झाली. मी घेतली ती दुसऱ्या हाताची. दिसायला चारचौघींसारखी, पण बॉनेटखाली बाराशे सीसीच्या लहानशा इंजिनाला टर्बो जोडलेला, १०५ अश्वशक्ती, शून्यापासून शंभरपर्यंत ९.७ सेकंद. हे मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे मान डोलावतात आणि विचारतात, "ॲव्हरेज किती देते?"

गाण्याकडेही असाच थाट. तबकडीचं यंत्र, दोन स्पीकर, आणि एका मित्राने जुळवून दिलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, जो चॅनलमागे पंधरा वॅट देतो. ही यादी सांगायला सोपी. पण यातली प्रत्येक वस्तू घरात आली तेव्हा "जुनीच आहे, मित्राकडे पडून होती" असं मला सांगावं लागलेलं आहे. माझे मित्र किती आणि त्यांच्याकडे काय काय पडून असतं, याचं हिला अजूनही नवल वाटतं.

व्हॉल्व्हचा हट्ट वडिलांकडून आला असावा. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की आत नारिंगी उजेड पडायचा आणि आवाज यायला अर्धा मिनिट लागायचा. १९४८ पासून बोलणारी आकाशवाणी नागपूर आमच्या घरी रोज अर्धा मिनिट उशिरा बोलायची. ते तीस सेकंद वडील रेडिओकडे पाहत बसत, आणि त्या वेळी त्यांना कोणी काही विचारलेलं चालत नसे. पुढे टर्बोची गाडी चालवताना पाय दाबल्यावर ताकद यायला जो क्षणभर वेळ लागतो, तो मला ओळखीचा वाटला. गाडीवाले त्याला दोष मानतात. मी वडिलांच्या मुलासारखा गप्प राहतो.

बेसात राहायला आलो ते या दोन नादांसाठीच. महालच्या गल्लीत गाडी शिरत नव्हती आणि शेजारच्यांचा कुकर आमच्याच घरात वाजायचा. इथे तेव्हा शेतं होती, मोकळे लेआउट होते, संध्याकाळी टिटवी ओरडायची. मी प्लॉट पाहायला आलो तेव्हा पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. प्लॉट विकणाऱ्याला वाटलं मी वास्तू बघतोय. मी शांतता मोजत होतो.

ती शांतता रजिस्ट्रीत लिहून घ्यायला हवी होती. कारण पाठोपाठ बाकीचं नागपूरही आलं. आता बेसा-पिपळा रोडवर दुकानं, घोगलीकडे इमारती, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लग्नाची लॉनं. वरून सोनेगावला उतरणारी विमानं. पण खरा वैरी घरातच होता. नागपूरच्या कूलरचा आवाज परगावच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. लोखंडी पेटीत एक पंखा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची मोटर, आणि एखादं छोटं विमान दिवाणखान्यात कायमचं उड्डाणाच्या तयारीत. त्यापुढे वसंतराव देशपांडे काय करतील? खरं तर ते आमचेच. मूर्तिजापुरात जन्म, आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. त्यांनाही उन्हाळे ठाऊक असणार. पण त्यांची एखादी जागा इतकी हलक्याने येते की ती कूलरच्या मोटरखाली चिरडून जाते, आणि कूलर बंद करावा तर तबकडीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत ऐकणारा शिल्लक राहत नाही.

म्हणून गाण्याचा हंगाम हिवाळा. गाडीचाही तोच. डिसेंबरची गार, घट्ट हवा इंजिनात गेली की पोलो अशी खुलते की विचारू नका. पण १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाच्या एका अधिवेशनाचा मान आमच्याकडे, आणि तो हिवाळ्यातच. गाडी खुलते त्या आठवड्यात वर्धा रोडवर ताफे खुललेले असतात. मी कडेला थांबतो, काच खाली करतो आणि हवा घट्ट आहे एवढ्यावर समाधान मानतो.

आता खोलीबद्दल. माझी ऐकायची खोली बारा बाय दहा फुटांची. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा स्वर अडकतो. तो येरझारा घालतो, भिंतीपाशी फुगतो आणि बरोबर मध्यावर नाहीसा होतो. माझी खुर्ची बरोबर मध्यावर. परिणाम असा की मी हजारो रुपये खर्चून आणलेला खर्ज मला ऐकूच येत नव्हता, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात हिच्या कानाशी तो घुमत होता. "तुमचं ते घूं घूं बंद करा," ती ओरडायची. मी इकडून विचारायचो, "कुठलं घूं घूं?" यावर आमचं तीन महिने भांडण चाललं. दोघांचंही खरं होतं, ही गोष्ट मला भौतिकशास्त्राने सांगितली. लग्न जमवताना ती कोणी सांगितली नव्हती.

उपाय सोपा होता. भिंतीच्या कोपऱ्यांत जाड, मऊ काहीतरी उभं करायचं. परदेशात त्यासाठी फोमचे महागडे खांब मिळतात. मी विदर्भातला माणूस, कापसाच्या मुलखातला. इतवारीतून चार गाद्या भरून आणल्या आणि चार कोपऱ्यांत सुतळीने बांधून उभ्या केल्या. मग खुर्ची दोन फूट मागे घेतली. खर्ज सापडला! गाणं असं बसलं की डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चारी गाद्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापूंचं बरं आहे नं?"

माझी खरी परीक्षा मात्र धुमालवाल्या पोराने घेतली. धुमाल म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको; बाहेरच्यांनी एवढंच समजावं की गाडीवर स्पीकरची भिंत रचायची, पुढे ढोल-ताशा आणि कीबोर्ड, आणि वरातीतल्या घोड्याने आपलं आपण पाहायचं. आमच्या लेआउटमधला एक पोरगा त्यात साउंड सांभाळतो. पंख्याची वायरिंग बघायला आला होता. माझ्या स्पीकरांपुढे तो डॉक्टरसारखा बसला.

"काका, किती वॅट आहे हे?"

"पंधरा."

"पंधरा हजार?"

"पंधरा."

त्याच्या चेहऱ्यावर दया दाटून आली. आमच्या घरी काही झालंय की काय, अशा नजरेने त्याने हिच्याकडे पाहिलं. मी त्याला समजवायला बसलो. बाबा रे, वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, ते कानाला जेमतेम कळतं. आवाज दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर वॅट लागतात दहापट. आणि घरात माणूस गाणं ऐकतो तेव्हा बहुतेक वेळ एखाद्या वॅटवरच काम चाललेलं असतं. उरलेले चौदा एखाद्या तानेच्या टोकासाठी, तबल्याच्या एखाद्या थापेसाठी राखून ठेवलेले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे काका, पैसे पंधराचे दिले आणि वाजवून राहिले एक?"

या प्रश्नाला उत्तर नाही. गाडीचंही तेच. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाने जायला माझ्यासारख्या गाडीला वीसएक घोडे पुरतात. बाकीचे पंच्याऐंशी तबेल्यात वैरण खात उभे. आणि वेग वाढवायचा तर हवा असा भाव लावते की दुप्पट वेगाला आठपट ताकद लागते. जुन्या मारुती ८०० ची ताकद ३७ अश्वशक्ती आणि वेग जास्तीत जास्त १४० च्या आसपास. २००५ साली आलेल्या बुगाटी व्हेरॉनची ताकद १००१, वेग ४०७. सत्तावीसपट घोडे जुंपले तेव्हा वेग तिप्पटसुद्धा झाला नाही. इतका आतबट्ट्याचा व्यवहार माझ्या ऐकिवात दुसरा नाही. कपाटातली चांदीची ताटं जशी वर्षानुवर्षं जेवायला निघत नाहीत, तरी आहेत या भावनेने घर सुखात असतं, तसं काहीसं हे असावं. ही उपमा मी हिला सांगितली. तिने म्हटलं, ताटं तिच्या माहेरची आहेत आणि मोडली तर पैसे येतात.

तरी घोडे मोकळे सोडायला आमच्याकडे समृद्धी महामार्ग आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर खुला झाला, पुढे जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१. सुरुवात शिवमडक्याला, म्हणजे आमच्या जवळच. रविवारी पहाटे निघायचं. घरापासून शिवमडक्यापर्यंत मी ब्रेकर मोजत जातो. कुठला गाडीच्या पोटाला किती घासतो ते मला आता सुरावरून ओळखू येतं; एक तर स्वच्छ कोमल निषाद देतो. मनीषनगरचं जुनं फाटक होतं तेव्हा बरं होतं, मालगाडीचे डबे मोजता मोजता इंजिन नीट गरम व्हायचं. आता पूल आणि भुयार झालं, तो विसावाही गेला.

मग महामार्ग. समोर सरळ, रिकामा, सहा पदरी सिमेंट. पाय दाबतो. टर्बो श्वास घेतो. पाठ सीटला टेकते. पंधराएक सेकंदांत काटा १२० वर जातो आणि तिथे मला थांबावं लागतं, कारण वेगमर्यादा १२०. पुढे करायचं काय, तर काहीच नाही. वळण नाही, चढ नाही, नजर पोचेपर्यंत असंच. मी वर्ध्याच्या बाजूला खाली उतरतो, टोल भरतो, परत येतो आणि तर्री पोहे खातो. पंधरा सेकंद. बावन्न रविवार धरले तर वर्षाला तेरा मिनिटं. तेवढ्यासाठी विमा, टायर, पीयूसी आणि दर पावसाळ्यात छातीत धडधड. गाण्याचा हिशेब मी काढलेला नाही. दहानंतर लॉनवरचे स्पीकर नियमाने बंद होतात, मग कुत्री, मग कोणाची तरी वाहती टाकी, आणि साडेचारला मंदिर. मधला जो काय तुकडा उरतो तो माझा.

मागच्या मे महिन्यात तो तुकडा अख्खा मिळाला. रात्री दोनला लाइन गेली. नुसती आमची नाही, सगळ्या लेआउटची. एकेक कूलर घरघरत थांबला आणि बेसात अशी शांतता पसरली की प्लॉट घेतला त्या दिवशीची टिटवी आठवली. मी ताडकन उठलो. वसंतरावांची तबकडी काढली, झटकली, यंत्रावर ठेवली, बटण दाबलं. आणि मग लक्षात आलं.

अंधारात मी किती वेळ बसलो माहीत नाही. पंधरा वॅट नाहीत, एकही नाही. शेवटी किल्ली उचलली, फाटक उघडलं आणि बाहेर मोकळ्यावर उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसलो. दार ओढलं. रबराच्या पट्ट्यांनी उरलासुरला आवाजही बाहेर ठेवला. इंजिन बंद. फोन जोडला आणि गाडीतल्या साध्या, कारखान्याने बसवलेल्या स्पीकरांवर तेच गाणं लावलं. ना गाद्या, ना व्हॉल्व्ह. पण ती जागा आली, ती हलकी जागा, आणि पहिल्यांदाच मला त्या जागेनंतर घेतलेला श्वासही ऐकू आला.

डावीकडचं दार उघडलं. ही हातपंखा घेऊन आत बसली. मला वाटलं आता बोलणार. ती बोलली नाही. पाचेक मिनिटं ऐकत राहिली, पंखा मांडीवर तसाच.

"किती छान आहे," ती म्हणाली. "घरातलं असं काहून नाही वाजत?"

मी स्टिअरिंगकडे पाहत राहिलो. ती पदराने मान पुसत होती.

"एसी लावा नं."

मी किल्ली फिरवली. एकशे पाच घोडे एकदम जागे झाले आणि जागच्या जागी उभे राहून हिला वारा घालू लागले. वसंतरावांच्या षड्जाखाली बारीक घरघर सुरू झाली. समोरच्या गच्चीवर झोपलेले शेजारी उठून कठड्याशी आले आणि वरून हाक मारली, "भाऊ, एवढ्या रात्री कुठं निघाले?"

हिने काच चार बोटं खाली केली. "कुठंच नाही जी," ती म्हणाली, "गाणं ऐकून राहिलो."