न्यू जर्सीची ग्रामसभा

एडिसन, न्यू जर्सी
गुढीपाडवा, 2 एप्रिल 2022

ती. आई व ती. अण्णा यांस,


अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं शाळेतले मास्क निघाले म्हणे. पण काढायचे हे ठरवलं कुणी?" आणि तेवढ्यात बीडकडच्या आपल्या केजची रेंज गेली. तुमच्या चिरंजिवांनी परत फोन लावायचं कबूल केलं होतं. त्यांचं कबूल करणं कसं असतं ते आईंना ठाऊक आहे. म्हणून तुमच्या सुनेनं पाडव्याचं श्रीखंड फ्रिजमध्ये टाकलं आणि कागद पुढ्यात ओढला. योगायोग बघा, महाराष्ट्रातही मास्कची सक्ती आजच संपली. तुमची गुढी उभी राहिली आणि दंड झोपला.

सरकारी उत्तर द्यायचं तर सोपं आहे. न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी 6 ऑगस्ट 2021 ला जाहीर केलं की शाळेत सगळ्यांना मास्क लागेल. त्यांनीच यंदा 7 फेब्रुवारीला सांगितलं की 7 मार्चपासून राज्याची सक्ती संपेल. त्याच दिवशी कनेक्टिकट, डेलावेअर आणि ऑरेगॉन यांनीही आपापल्या तारखा सांगितल्या. कोरोनाची साथ एकच, मुहूर्त मात्र प्रत्येकाचा वेगळा. खरी गंमत पुढच्या ओळीत होती: राज्याची सक्ती गेली तरी गावाला ठेवायची असेल तर गावानं ठेवावी. इथं बहुतेक गावांचं, शहरांचं आपलं शाळामंडळ असतं, आणि एवढ्याशा राज्यात अशी जवळजवळ 600 मंडळं आहेत. नोव्हेंबरात मर्फीसाहेब जेमतेम निवडून आले होते. त्यामुळे हे लोढणं त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढून 600 गळ्यांत अडकवलं, असं बोलणारे इथं पुष्कळ भेटतात.

शाळामंडळ म्हणजे काय, तर आपली ग्रामसभाच, फक्त पानाची पिंक नाही. सदस्य निवडून येतात आणि त्यांना मानधन एक डॉलरही नाही. (मग निवडणूक लढवतात कशाला, हा तुमचा प्रश्न इथूनच ऐकू आला, अण्णा. उत्तर इथंही कुणाला देता येत नाही.) सभा सुरू होताना आधी झेंड्याला वंदन. मग ही सभा कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस देऊन बोलावली आहे, असं एक निवेदन वाचतात. मग छपराची गळती, बसचं कंत्राट, आणि त्यानंतर पालकांची पाळी. प्रत्येकाला मोजून तीन मिनिटं. माइकशेजारी एक छोटा दिवा असतो: हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल झाला की अध्यक्षीणबाई गोड आवाजात आभार मानतात, म्हणजे आता बसा. दोन वक्त्यांच्या मध्ये एक शिपाईमामा येऊन माइक पुसून जातो. फेब्रुवारीतल्या सभेत त्याच्याइतकं काम कुणीच केलं नाही.

सभेच्या आधी पंधरा दिवस इथल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत झालं. एक पक्ष म्हणे, लेकरांनी दीड वर्ष तोंडं बांधली, आता पुरे. शाळेत डबा खाताना सगळेच मास्क काढतात. विषाणूलाही तेव्हा जेवणाची सुट्टी असते का? दुसरा पक्ष म्हणे, पाच ते अकरा वर्षांच्या मुलांची लस गेल्या नोव्हेंबरात आली, पाचाखालच्यांची अजून यायची आहे. घरात तान्हं बाळ असलेल्यांनी काय करायचं? तिसरा पक्ष दोन्हीकडे अंगठा दाखवून झोपायला जाई. ग्रुपवर एक डॉक्टर आहेत. ते एक्स-रे बघणारे आहेत हे त्यांनी वारंवार सांगूनही त्यांना साथरोगांचे तज्ज्ञ करण्यात आलं. कुणी आलेख टाकले, कुणी हळदीच्या वाफेचा व्हिडिओ टाकला. सरकारनं 40 कोटी एन-95 मास्क औषधाच्या दुकानांतून फुकट वाटायला काढले, तेव्हा सक्तीच्या विरुद्ध सर्वांत जोरात लिहिणारे गृहस्थ पहाटे रांगेत उभे दिसले. फुकट ते पौष्टिक, एवढ्यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं.

मग कुणीतरी विचारलं, सभेत जाऊन बोलणार कोण? ग्रुप एकदम गार पडला. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. दुसऱ्यानं लिहिलं, आपण एच-वन व्हिसावर आहोत, माइकवर नाव-पत्ता सांगावा लागतो, कशाला ते? हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शाळेचा कर इथले मराठी पालक वेळेवर भरतात, लेकरांना गणिताच्या स्पर्धेत पहिलं आणतात, आणि जिथं त्यांच्याच लेकरांचं काही ठरतं तिथं मागच्या रांगेत कोट मांडीवर घेऊन बसतात. शेवटी तुमच्या चिरंजिवांनी उडी घेतली. बोलायचा सोस त्यांना कुणाकडून आला, हे आईंनी सांगावं.

त्यांचा नंबर येईपर्यंत बरंच ऐकायला मिळालं. एका बाईंनी मास्क दंडाला बांधून स्वातंत्र्यावर भाषण केलं. एका गृहस्थांनी राज्यघटना उघडली आणि लाल दिव्यानं ती मिटवली. एका शिक्षिकेनं सांगितलं की बालवर्गातल्या मुलांना उच्चार शिकवायचे तर ओठ दिसावे लागतात. ती तोंडापुढं पारदर्शक खिडकी असलेला मास्क लावते, पण वाफ धरली की खिडकीबाहेर धुकंच. सगळ्यांत छान बोलली ती दहावीतली एक मुलगी. शाळेच्या बँडमध्ये ती ट्रम्पेट वाजवते. तिनं आपला मास्क वर धरून दाखवला: मधोमध उभी फट, फुंकण्यापुरती. ट्रम्पेटच्या मोठ्या तोंडालाही कापडाची टोपी. "मला मास्क आहे, माझ्या वाद्याला मास्क आहे, आणि तरी आमच्यातलं कोण बेसूर हे सगळ्यांना कळतं," असं म्हणून ती दिवा पिवळा व्हायच्या आत बसली.

मग चिरंजीव उठले. मान्यवरांचे आभार मानण्यात हिरवा दिवा गेला. आपण भारतातल्या बीड जिल्ह्यातून आलो, तो महाराष्ट्रात कुठं आहे, तिथून दर वर्षी लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे सांगता सांगता पिवळा झाला. मंडळाचे लोक लक्ष देऊन ऐकत होते. ऊस कुठल्या ठरावात बसतो ते ते शोधत असावेत. मुख्य मुद्दा निघाला तेव्हा वीस-पंचवीस सेकंद उरले होते: मास्क ऐच्छिक करा, पण जो लावील त्याला कुणी चिडवणार नाही आणि जो काढील त्याला कुणी टोकणार नाही, एवढं शिक्षकांना लेखी द्या. लाल. टाळ्या दोन्ही बाजूंनी पडल्या, कारण दोन्ही बाजूंना ते आपले वाटले. रात्री अकराच्या पुढे मंडळानं 7 मार्चपासून मास्क ऐच्छिक करायचा ठराव घेतला. चिरंजिवांच्या मते तो त्यांच्यामुळे झाला. मसुदा छापून खुर्च्यांवर आधीच ठेवलेला होता, हे तुमच्या सुनेनं त्यांना अजून सांगितलेलं नाही. आपणही सांगू नये.

इतरत्र याहून कडाक्याची भांडणं झाली. व्हर्जिनियात ग्लेन यंगकिन यांनी 15 जानेवारीला गव्हर्नरपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी हुकूम काढला की मास्क लावायचा की नाही हे पालक ठरवतील. फेअरफॅक्ससह सात शाळामंडळं थेट कोर्टात गेली. शेवटी 16 फेब्रुवारीला कायदाच झाला आणि 1 मार्चपर्यंत सगळ्या मंडळांना तो पाळावा लागला. तिथं तुमचा भाचा राहतो. त्याच्या घरात सक्तीची बाजू बायकोची, सुटीची नवऱ्याची. लेकरू दारात मास्क लावायचं आणि गाडीत काढायचं.

हे काही नवं नाही, हे तुमच्या नातीनं शाळेच्या प्रकल्पात शोधून काढलं. 1918 च्या साथीत सॅन फ्रान्सिस्को शहरानं मास्क सक्तीचा केला. 21 नोव्हेंबरला दुपारी बाराला भोंगा वाजला आणि लोकांनी रस्त्यातच मास्क भिरकावले. जानेवारीत साथ परतली, सक्तीही परतली. तेव्हा लोकांनी चक्क 'मास्कविरोधी संघ' काढून 25 जानेवारी 1919 ला जाहीर सभा भरवली. 1 फेब्रुवारीला सक्ती उठली. शंभर वर्षांपूर्वी व्हॉट्सॲप नव्हतं, एवढाच काय तो फरक.

पण अण्णा, हे सगळं बघताना तुमच्या सुनेला आठवत होती तुम्ही सांगितलेली गेल्या जुलैची गोष्ट. 15 जुलै 2021 पासून गावात आठवी ते बारावीचे वर्ग उघडायचे, पण गावात महिनाभर एकही रुग्ण नसेल तरच, अशी सरकारची अट होती. ठरवायला समिती: सरपंच अध्यक्ष, जोडीला तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आरोग्य केंद्राचे डॉक्टर. शिवाय पालकांची संमती. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं त्याच महिन्यात पालकांना विचारलं, तर सुमारे 81 टक्के शाळा उघडा म्हणाले. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक म्हणून त्या बैठकीला जाऊन बसलात आणि फोनवर हसत सांगितलंत की अर्धा तास चर्चा मास्कवर नाही, तर बाकावर एकच लेकरू बसवायचं तर बाक आणायचे कुठून यावर झाली.

नोव्हेंबरात सरकारनं बिनमास्क फिरणाऱ्याला 500 रुपये दंड लावला आणि वर लिहिलं की रुमाल म्हणजे मास्क नव्हे. आपल्या भागात पुरुषाच्या खांद्यावरचं उपरणं उन्हाला, धुळीला, घामाला, पाहुण्याला, सगळ्याला चालतं. फक्त कोरोनाला चालेना. तुम्ही उपरण्याच्या आत मास्क लावायला लागलात. चौकात पोलिसानं हटकलं की उपरणं बाजूला करून दाखवायचं, पदराआड लेकरू दाखवतात तसं.

तिकडच्या शाळेची खरी अडचण मात्र मास्कची नव्हतीच. 4 ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग उघडले, आणि 15 ऑक्टोबरला दसरा. म्हणजे शाळेचं दार उघडलं आणि ऊसतोडीच्या टोळ्या गाडीत बसल्या. ज्यांना ठेवायला आजी होती किंवा हंगामी वसतिगृह मिळालं, ती लेकरं राहिली. बाकीची फडावर गेली. आधीचं दीड वर्ष ऑनलाइन शाळेत गेलं होतं, म्हणजे ज्या घरात एकच मोबाइल आणि तो बापाच्या खिशात, त्या लेकरांचं बिनशाळेचंच. तुमच्या चिरंजिवांना तीन मिनिटांत नेमकं हेच सांगायचं होतं: मास्क काढावा की ठेवावा यावर भांडता येणं हीसुद्धा चैन आहे, त्यासाठी आधी लेकरू वर्गात असावं लागतं. त्यांना ते जमलं नाही. इथं लिहून टाकलं.

आणि एक गोष्ट ग्रुपवर कुणाला कळली नाही. बीडकडची दोन-तीन घरं सक्ती ठेवा म्हणत होती, तेव्हा त्यांना भित्रे म्हणण्यात आलं. गेल्या एप्रिलात तिकडच्याच अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह स्मशानात नेल्याची बातमी आली होती. त्या आठवड्यात ज्यांचे फोन रात्रभर वाजत होते, त्यांना हिरवे-पिवळे आलेख पटायला वेळ लागणारच.

तर 7 मार्च, सोमवार. तुमचा धाकटा नातू बालवर्गात आहे. सप्टेंबरपासून त्यानं आपल्या बाईंचे फक्त डोळे पाहिले होते. त्या दिवशी बाई पूर्ण चेहऱ्यानं दारात उभ्या. हा आत जाईना. घरी येऊन म्हणाला, आज वेगळ्या बाई होत्या, पण आवाज आमच्याच बाईंचा होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी मास्क लावून त्याला ओळख पटवली आणि मग काढला. नातीनं मात्र काढला नाही. आई, तुम्ही पाठवलेले खणाचे मास्क ती अजून आळीपाळीनं लावते. साथीच्या भीतीनं असेल असं वाटून तुमची सून गहिवरली होती. चौकशी केल्यावर कळलं, दातांना तारा बसवल्यात, त्या मैत्रिणींना दिसू नयेत म्हणून. तिच्या वर्गात जवळपास निम्मी मुलं अजून लावतात. कुणी कुणाला विचारत नाही. सभेत ज्यांनी एकमेकांच्या अंगावर बोटं रोखली होती, ते पालक आता मुलांच्या फुटबॉलला शेजारी बसून भाव वाढलेल्या पेट्रोलवर बोलतात.

इकडच्या आरोग्य खात्यानं 25 फेब्रुवारीपासून जिल्ह्यांना हिरवा, पिवळा, नारिंगी असे रंग दिलेत. नवे रुग्ण किती आणि इस्पितळं किती भरलीत ते पाहून रंग ठरतो. नारिंगी असेल तरच बंदिस्त जागेत सगळ्यांनी मास्क लावावा. विमानात मात्र सक्ती 18 एप्रिलपर्यंत आहेच, पुढचं तेव्हा कळेल. शाळेला इथं जूनअखेर सुट्टी लागते आणि चौघांचीही तिकिटं जुलैची बघून ठेवली आहेत.

तेव्हा एक काम आत्ताच करा. 16 मार्चपासून 60 वर्षांवरच्या सगळ्यांना तिसरा डोस सुरू झालाय. दुसऱ्याला नऊ महिने झालेले असले की मिळतो. तुमचे दोघांचे झालेत. अण्णा, "माझं काय राहिलंय आता" हे वाक्य न म्हणता या आठवड्यात केजच्या सरकारी दवाखान्यात जा आणि आईंनाही सोबत न्या. घेतल्यावर फोन करा. रेंज नसेल तर माळावर जाऊन करा.

आपली आज्ञाधारक (असं लिहायची पद्धत आहे),
सून