नळीतले भाडेकरू

सीरियन हॅमस्टर हा पाळीव हॅमस्टरांतला थोराड. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन १०० ते २०० ग्रॅम, शिवाय दोन्ही गालांत दाण्यांचे कोठार. पिंजऱ्यासोबत मिळणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या नळीचा व्यास मात्र बहुधा ५ सेंटिमीटरच्या आसपास. खोक्यावरचा हॅमस्टर तीतून हसत डोकावतो; तो छापील असल्यामुळे अडकत नाही. जिवंत प्राण्याला, तेही गाल भरलेले असताना, किमान ७ सेंटिमीटर हवेत. लांब, बंद नळीत हवा खेळत नाही, ओल साचते आणि मोरी म्हणून नेमका हात न पोहोचणारा कोपरा निवडला जातो. त्यापेक्षा दोन्ही तोंडे उघडी असलेली आखूड, रुंद नळी बरी.

जागेचा हिशेब सदनिकेसारखाच: नळ्या, जिने, गच्ची मिळून ‘सुपर बिल्ट-अप’ भरपूर, पाय ठेवायला चटई क्षेत्र नाही. जर्मनीतील पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना किमान १०० × ५० × ५० सेंटिमीटरचा पिंजरा सुचवते. रानातले बीळ अर्ध्या मीटरहून खोल जाते. पाळीव प्राण्याच्या वाट्याला मूठभर भुसा येतो. खोल भुशात बीळ करता आले, की गज कुरतडणे घटते. मालक मात्र त्या कुरतडण्याला कौतुकाने ‘खेळकर स्वभाव’ म्हणतो.

आणि सोबतीसाठी दुसरा आणू नये. प्रौढ सीरियन हॅमस्टर भाऊबंदांनाही फाडतो, पिंजरा एकट्याचाच.