आमच्या सोसायटीत सगळ्यांचे डोळे मोठे झाले

अहो, ऐकलंत का? आमचे बी विंगमधले सेक्रेटरी चित्रकार झाले! अकरा वर्षांत या माणसाने लिफ्टमध्ये ‘थुंकू नये’ यापलीकडे काही रंगवलेलं नाही, आणि त्यातही ‘थुं’वरचं टिंब मीच नंतर दिलं. ते आता ‘माझी नवी कलाकृती’ म्हणून ग्रुपवर चित्रं टाकतात. एकटे तेच असते तर डोळ्यांआड केलं असतं. सगळा जिनाच बिघडलाय.

सुरुवात झाली २०२५च्या पाडव्याला. पाडवा होता ३० मार्चचा, आणि त्याआधी बरोब्बर पाच दिवस चॅटजीपीटीत चित्रं काढायची नवी सोय आली होती. मी सकाळी श्रीखंड फेटत होते, तोवर ग्रुपवर सत्तावीस गुढ्या उभ्या. सगळ्यांमागे तेच निळं आभाळ, तेच पिंजलेल्या कापसाचे ढग. गुढीखाली आमचीच माणसं, पण डोळे बशीएवढे आणि नाक नावापुरतं. सेक्रेटरींचं पोट कुणी नेलं देव जाणे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या सासूबाई दारात दिसल्या की दूधवाला पिशवी टाकून पळतो, त्या चित्रात अशा गोड की खुद्द सुनेनेच विचारलं, “या कोण हो?”

“जिब्ली केलंत का?” आठवडाभर जिन्यात हाच प्रश्न. “आमचं झालं परवाच.” जसा काही पोलिओचा डोस. आमच्या आत्याला वाटलं, जिलबी. “पाडव्याला जिलबी कशाला? श्रीखंड असतं ना,” म्हणाली. तिला समजावताना माझ्या लक्षात आलं, की जिब्ली करून बसलेल्यांपैकीही बहुतेकांना ते जिब्ली म्हणजे काय, याचा पत्ता नव्हता. सेक्रेटरींच्या मते ते एक ॲप आहे.

तो टोकियोतला ॲनिमेशनचा स्टुडिओ आहे हो. १९८५ साली हायाओ मियाझाकी, इसाओ ताकाहाता आणि तोशियो सुझुकी यांनी काढलेला. पाडव्याला आपण त्यांचं आभाळ लुटत होतो तेव्हा मियाझाकी ८४ वर्षांचे होते. हा माणूस कागद-पेन्सिलवाला. त्यांच्या २०१३च्या ‘द विंड रायझेस’ या सिनेमात गर्दीचं एक दृश्य आहे, चार सेकंदांचं. ते एजी यामामोरी नावाच्या ॲनिमेटरने काढलं, आणि त्याला लागले एक वर्ष तीन महिने. चार सेकंदांना! आमच्याकडची जांभई याहून लांब असते. पण बघा ते दृश्य एकदा. एक माणूस दुसऱ्यासारखा चालत नाही. ज्याच्या हातात ओझं आहे त्याचा खांदा खाली आहे.

२०१६ साली काही तंत्रज्ञ मोठ्या कौतुकाने मियाझाकींना यंत्राने केलेली हालचाल दाखवायला गेले. एक देह डोक्याचा पाय करून जमिनीवर सरपटतोय. बघा, किती भीतिदायक! मियाझाकींना आठवला त्यांचा एक अपंग मित्र, ज्याला साधा हात वर करायलाही कष्ट पडतात. हा जगण्याचाच अपमान आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. समोरच्यांचे चेहरे जपानी दूरदर्शनच्या माहितीपटात कायमचे टिपले गेलेत. आणि त्याच म्हाताऱ्याच्या शैलीत आम्ही कुणाला बसवलं? सेक्रेटरींना. स्कूटरवर.

तिकडे चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या सॅम ऑल्टमन यांनी जाहीरच करून टाकलं, की लोकांच्या या हौसेपायी आमच्या चिप वितळू लागल्यात, थोडा आवर घालावा लागेल. मग म्हणे एका तासात दहा लाख नवे लोक येऊन धडकले. अमेरिकेतली यंत्रं आपण वितळवली, याचा आमच्या जिन्यात कोण अभिमान! सोसायटीची पाण्याची मोटर जळते तेव्हा हीच मंडळी वर्गणी द्यायला गावाला गेलेली असतात.

वाटलं, चार दिवसांचा ताप, उतरेल. कसला उतरतोय! ऑगस्टच्या अखेरीस गूगलवाल्यांचं तसंच यंत्र निघालं, त्याचं नाव काय, तर नॅनो बनाना. वेलची केळं म्हणायला काय झालं होतं? त्यावर साड्यांची साथ आली. वाऱ्यावर उडणारी शिफॉन, केसात फूल, मागे सोनेरी ऊन. जी मुलगी लग्नातही पिना लावायला माझ्याकडे येते, तिच्या अंगावर यंत्राने दहा सेकंदांत साडी चढवली. निऱ्या कुठे खोचल्यात ते विचारू नका. मी चित्र मोठं करून पाहिलं. त्या कुठेच खोचलेल्या नव्हत्या. नवरात्रात नऊ रंग, नऊ साड्या, आणि कपाट एकदाही उघडलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमच्या पोटात का दुखतंय? दुखतंय, लपवत नाही. मी दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. इंटरमिजिएटला स्मरणचित्रात मार्क गेले होते, तेव्हापासून बसस्टॉपवर माणसं निरखायची खोड लागली ती लागलीच. तर यंदा एका संपादकांचा फोन. (नाव सांगणार नाही, अजून मानधन यायचंय.) “ताई, मुखपृष्ठ आम्ही करून घेतलंय. फक्त जरा बोटं बघता का?” पाहिलं. पणती धरलेल्या बाईच्या हाताला सहा बोटं. म्हणजे चित्र यंत्राने काढायचं आणि मी बोटं मोजायची! कलाक्षेत्रातला नवा हुद्दा, बोटवाली बाई. मी एक बोट खोडलं. मानधनाचा दर बोटामागे लावायचा की हातामागे, यावर आमची अजून घासाघीस चालू आहे.

नवऱ्याचं म्हणणं, वेळ वाचतो ना, मग झालं. वेळ वाचवून हा गृहस्थ काय करतो, तर यंत्राने काढलेली चित्रं बघतो. उलट दादासाहेब फाळके बघा. त्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करत बसले. ती फिल्म दाखवून भांडवल उभं केलं, आणि पुढच्या वर्षी ३ मे रोजी गिरगावात कोरोनेशनला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. वाटाणा उगवायच्या त्या महिन्याभरात शेजारच्या बायका काय बोलल्या असतील, कल्पना करा! धट्टाकट्टा माणूस, आणि वाटाण्याकडे बघत बसतो.

पण यंत्राला तरी किती शिव्या घालू? आमच्या घरातल्या लक्ष्मीचीच गंमत सांगते. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि घराघरांत छापील देव आले. सगळीकडे तीच लक्ष्मी, तेच कमळ. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असेल, की हे कसले देव, एका ठशातून निघालेले! आमच्या आजीकडे तीच छापील लक्ष्मी होती. आजीने तिच्या साडीच्या काठावर जर लावली, पदरावर डिंकाने एकेक टिकली चिकटवली. पाच पोरांचं करून, दुपारच्या वेळात. आत्या सांगते, श्रावणात बसली ती दसऱ्याला उठली. एक टिकली तिरकी आहे, कारण तेव्हा धाकटे काका रांगत येऊन कोपराला धडकले.

लक्ष्मीपूजनाला आत्याने त्या तसबिरीचा फोटो ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत सेक्रेटरींचं उत्तर आलं. त्यांनी लक्ष्मी ‘करून’ दिली होती. बशीएवढे डोळे, कापसाचे ढग, साडी एकदम नवी, गुळगुळीत. “जुने डागबिग सगळे काढलेत, मावशी,” असंही लिहिलं होतं. खाली अंगठ्यांचा पाऊस.

आत्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला, दोन बोटांनी पदर मोठा केला, अजून मोठा केला.

“अगं,” ती म्हणाली, “यातल्या टिकल्या कुठे गेल्या?”