राजमाचीवरून नऊ मिनिटं

मुंबई आणि पुणे या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे १२४ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, की ती कर्जतच्या दक्षिणेनं मावळात शिरते आणि तिचा मध्य थेट राजमाचीच्या आसपास येतो. लोणावळा आठ-नऊ किलोमीटर बाजूलाच राहतं. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगानं हे अंतर नऊ मिनिटांचं. तिकिटावर मात्र तासाभराचा प्रवास छापलेला असतो. यात लबाडी कुणाचीच नाही. मुंबईत वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून पुण्याला निघालेलं विमान आधी मस्कतकडे तोंड करून उडतं आणि समुद्रावर जाऊन मग वळतं. दहा हजार फुटांखाली वेगमर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६३ किलोमीटर. चढून जरा स्थिरावतंय तोच उतरायची वेळ होते, आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. तिथे आपला नंबर लागावा लागतो. शिवाय छापील वेळेत धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही धरलेली असते. मुंबई-दिल्ली अंतर याच्या नऊपट, वेळ मात्र जेमतेम दुप्पट. तेव्हा इतक्या जवळच्या विमानप्रवासात किलोमीटर मोजण्यात काही अर्थ नाही. मोजायच्या त्या रांगा. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून माणूस दोन तास आधी जातो, आणि पट्टा, पाकीट, मोबाईल ट्रेमध्ये ठेवून पँट सावरत उभा राहतो. एवढ्यात डेक्कन क्वीननं कर्जत गाठलेलं असतं, घाट चढायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागत असतात आणि प्रवाशाच्या हातात वडा असतो. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी १९२ किलोमीटरला तीन तासांहून थोडा जास्त वेळ घेते, पण उतरवते गावात.

कुणी म्हणेल, रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावर अडकून पाहा, मग बोला. मान्य. घाटात वाट अडवणारा अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, कोंडीनं मात्र पत्ता बदललेला नाही. पण विमानतळ गाठायलाही रस्ताच लागतो, आणि मुंबईतला रस्ता घाटापेक्षा सपाट असला तरी दयाळू नाही. लंडनहून येऊन मुंबईत विमान बदलणाऱ्याचं, ज्याचं तिकीट थेट पुण्यापर्यंतचं आहे त्याचं, म्हणणं मात्र खरं. त्याच्यापुढे हा सगळा युक्तिवाद गळून पडतो. बाकीच्यांची गत १८५८ च्या प्रवाशासारखी. तेव्हा खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली होती, पण बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला; मधली पाच वर्षं खोपोलीला उतरून पालखीनं नाहीतर तट्टावरून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडी धरायची. तेव्हा घाटच तेवढा अवघड होता, आता घाटच तेवढा सोपा आहे.

लोणावळेकराची तर मजाच. सरळ रेषेत मुंबईचा विमानतळ ६८ किलोमीटर, पुण्याचा ५७, आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा उपयोग शून्य. ते पकडायचं तर एकतर घाट उतरून जायचं, नाहीतर वडगाव-देहूरोड करत पुणं ओलांडायचं. वरून गेलेल्याचीही सुटका नाही. मुंबईहून आला म्हटल्यावर घरी चिक्कीची विचारणा होतेच, आणि ‘लोणावळा लागलंच नाही’ हे उत्तर आजवर कुठल्याही घरात चाललेलं नाही.